दोन्ही हातांचा खटका

घरात पिस्तूल असलं, की चोर नुसता आपल्या घराचाच नव्हे, आपल्या गल्लीचाही नाद सोडतो, असं मोरोपंत वाठोडकर वकिलांनी अमरावतीच्या कोर्टातल्या बार रूममध्ये जाहीर केलं. आवाजात खात्री अशी, की चोरांनी सभा भरवून तसा ठराव पास केला असावा आणि त्याची नक्कल मोरोपंतांच्या कोटाच्या खिशात असावी.

गोष्ट एकसष्ट सालची. दिवाळीच्या सुट्टीत अंबापेठेत तीन घरं फुटली होती. त्यातलं एक तर मोरोपंतांच्या घरापासून चौथं. लोक कुलपं बदलत होते, कुत्री पाळत होते. मोरोपंतांना त्याची गरज नव्हती. त्यांच्या घरी पिस्तूल होतं.

हे पिस्तूल त्यांच्या सासऱ्यांचं. महादेवराव परतवाड्याला लाकडाचे ठेकेदार होते. मेळघाटच्या जंगलात त्यांचा निम्मा जन्म गेला, आणि जंगलात असताना पिस्तूल कमरेला असायचं. मुलगा नव्हता. दोन मुलींपैकी धाकटी गोदावरी, म्हणजे मोरोपंतांची बायको, लहानपणापासून दर रविवारी वडिलांशेजारी बसून पिस्तुलाला तेल द्यायची. महादेवराव वारले तेव्हा थोरलीनं चांदीची भांडी घेतली आणि गोदावरीबाईंनी पिस्तूल मागून घेतलं. मोरोपंतांनी दीड वर्ष अर्ज-विनंत्या करून त्याचं लायसन आपल्या नावावर करून घेतलं, सोबत बायकोचंही नाव घातलं. तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात पिस्तूल रोज एकदा तरी यायचंच.

त्या दिवशी बार रूममध्ये ते छत्री डाव्या हातात धरून चोरावर पिस्तूल कसं रोखायचं ते दाखवत होते. मोरोपंत डावखुरे. शाळेत मास्तरांनी पट्ट्या मारून मारून त्यांना उजव्या हातानं लिहायला लावलं, घरी आईनं उजव्या हातानं जेवायला लावलं. पण उरलेला सगळा माणूस डावाच राहिला. उलटतपासणीत साक्षीदाराच्या नाकासमोर नाचायचं ते डावं बोट.

समोर सरकारी वकील कमलाकांत मंगरूळकर बसले होते. हे मोरोपंतांचे नागपूरच्या कॉलेजापासूनचे मित्र, आणि कोर्टात वीस वर्षांचे प्रतिपक्षी. त्यांनी शांतपणे विचारलं, की पिस्तुलाचा सेफ्टीचा खटका कोणत्या बाजूला आहे? हा खटका खाली केल्याशिवाय पिस्तूल उडत नाही, आणि बहुतेक पिस्तुलांना तो डाव्या अंगाला असतो. का, तर उजव्या हातात पिस्तूल धरलं की अंगठा बरोबर त्याच्यावर येतो.

"तू धरणार डाव्या हातात," कमलाकांत म्हणाले. "तुझा अंगठा येणार पलीकडच्या बाजूला. म्हणजे चोर आला की त्याला सांगशील, बाबा, दोन मिनिटं बस, मी हात बदलून घेतो."

बार रूम हसली. अगदी कोपऱ्यात झोपलेले एक वयोवृद्ध वकीलही हसले, आणि मग काय झालं म्हणून शेजाऱ्याला विचारू लागले.

मोरोपंत त्या दिवशी घरी आले ते कोट न उतरवता थेट कपाटाकडे गेले. पिस्तूल डाव्या हातात धरलं. अंगठा गुळगुळीत लोखंडावर फिरत राहिला. खटका पलीकडे. अंगठा वाकवून पाहिला, हात वाकवून पाहिला, शेवटी स्वतः वाकून पाहिलं. कमलाकांतचं खरं निघणं ही गोष्ट मोरोपंतांना चोरीपेक्षा जास्त लागली.

त्यांनी तिथल्या तिथे निर्णय जाहीर केला, की हा खटका काढून उजव्या अंगाला बसवून घ्यायचा.

गोदावरीबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली.

"अन् मी?"

"तुझं काय?"

"तुमी मुकदम्यासाठी आठ-आठ दिवस नागपूरले जाता. घरात मी असते. माझा हात उजवा आहे. तुमी खटका तिकडं नेला त म्या काय करावं, चोराले चहा पाजावा?"

अर्धा तास दोघांत बोलाचाली झाली. शेवटी ठरलं, की खटका दोन्ही अंगांना असावा. नवऱ्याचा डावा अंगठा एकीकडून, बायकोचा उजवा दुसरीकडून. आणि तो टिकाऊ असावा, असं गोदावरीबाईंनी बजावलं, कारण वडिलांच्या वस्तूला कोणी कच्चं काम लावलेलं त्यांना खपणार नव्हतं.

असला खटका अमरावतीत कोणी करेना. कोणीतरी अकोल्याच्या गयासुद्दीन मिस्त्रींचं नाव सांगितलं. पुढच्या रविवारी मोरोपंत बडनेऱ्याहून पॅसेंजर धरून अकोल्याला पोहोचले.

मोर्णा नदीच्या काठाला जुन्या शहरात गयासुद्दीन मिस्त्रींचं दुकान होतं. बंदुका, कुलपं, शिवणयंत्रं, सोनारांचे काटे, असं सगळं तिथं दुरुस्त व्हायचं. साठीचे मिस्त्री, मेंदी लावलेली दाढी, नाकाच्या टोकाशी चष्मा. त्यांनी लायसनचा नंबर वहीत उतरवून घेतला, पिस्तूल रिकामं असल्याचं दोनदा पाहिलं, आणि मग पाच मिनिटं नुसतं हातात फिरवत बसले.

मोरोपंतांनी अडचण सांगितली. मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं, आणि म्हणाले की काम होण्याजोगं आहे. खटक्याची कांडी अर्ध्यात थांबते ती आरपार न्यायची आणि तिच्या पलीकडच्या टोकाला दुसरा खटका चढवायचा. मग एक खाली गेला की दुसराही जाईल. प्रश्न एवढाच, की खटके कोणत्या धातूचे करायचे?

"सगळ्यांत टिकाऊ कोणता?" मोरोपंतांनी विचारलं.

मिस्त्री हसले. "वकीलसाब, पितळ शरीफ असते, पन कमजोर. बीड, म्हंजे ओतीव लोखंड, मजबूत दिसते, पन गुस्सेवाली, एक दिवस तडकन तुटून जाईन. पोलाद टिकते, पन ज्याच्यासंग राहते त्याले घासून टाकते. आता तुमीच सांगा, टिकाऊ कोनाले म्हनाचं?"

मोरोपंतांना हा माणूस साक्षीदार म्हणून कधीच भेटू नये असं वाटलं. त्यांनी विचारलं की मग निवडायचं कसं? मिस्त्री म्हणाले, आमचे उस्ताद सांगायचे, खटका दहा हजार वेळा खालीवर करून पाहावा. जो तेवढ्यात वाकत नाही, तुटत नाही, आणि बसल्या जागेचं भोक मोठं करत नाही, तो आपला. पण आजकाल एवढी सबुरी कोणाला आहे?

झालं. पुराव्याशिवाय आपण काही मानत नाही, हे मोरोपंतांचं ब्रीदवाक्य. त्यांनी तीनही धातूंच्या जोड्या करून मागितल्या. पंधरा दिवसांनी जाऊन पिस्तूल आणि त्या जोड्या घेऊन आले, सोबत स्क्रू फिरवायचा एक बारीक पेचकस, आणि खटका बदलायचा कसा ते शिकून.

घरी आल्यावर दहा हजार मोजायचे कसे, हा प्रश्न आला. मोरोपंतांच्या आईची एकशे आठ मण्यांची तुळशीची माळ देवघरात होती. हिशेब केला. त्र्याण्णव माळा झाल्या की दहा हजार चव्वेचाळीस होतात. वरचे चव्वेचाळीस देवाला.

अशी परीक्षा सुरू झाली. पहिली पाळी पितळेची. सकाळी कोर्टात जाण्याआधी मोरोपंत डाव्या अंगठ्यानं खट-खट करत बसायचे, दुपारी जेवणं झाली की गोदावरीबाई उजव्या अंगठ्यानं, आणि दिवेलागणीला दोघं ओसरीवर बसून आळीपाळीनं. एकानं खटका चालवायचा, दुसऱ्यानं माळ ओढायची. पिस्तूल रिकामंच, तरी दर वेळी हातात घेताना गोदावरीबाई ते उघडून पाहायच्या आणि नळी अंगणातल्या तुळशीवृंदावनाकडे ठेवायच्या. वडिलांनी तसं शिकवलं होतं.

लग्नाला बावीस वर्षं झालेलं ते जोडपं. एरवी दिवेलागणीला एकत्र बसायचं कारण त्यांना कधी मिळालं नव्हतं. आता खटक्याबरोबर गप्पाही व्हायला लागल्या. गोदावरीबाई मेळघाटातल्या गोष्टी सांगायच्या, वडील अस्वलापुढून कसे पळाले होते त्या. मोरोपंत ऐकायचे, आणि मोजणी चुकली की माळ पहिल्यापासून धरायचे. आपलं काही चुकतंय असं दोघांपैकी कोणाच्या स्वप्नातही आलं नाही.

पण मोरोपंतांना खटखटीची सवय लागली. ते घरच्या ऑफिसातही टेबलाखाली पिस्तूल घेऊन बसू लागले. वलगावचा उद्धव भुयार त्यांचा जुना पक्षकार. भावाशी बांधावरून सहा वर्षं भांडत होता, तडजोडीचं नाव काढू देत नव्हता. एका सकाळी तो समोर बसून आपली बाजू सांगत असताना टेबलाखालून खट, खट असा आवाज येत राहिला. उद्धवच्या हातातला कागद खाली पडला. तो उचलायला वाकला, आणि जे पाहिलं ते पाहून बराच वेळ वाकलेलाच राहिला. वर आला तो म्हणाला, "वकीलसाब, मी तडजोड करतो. बांध त्याले जाऊ द्या. झाडं बी जाऊ द्या."

मोरोपंतांना वाटलं, आपल्या समजावण्याला शेवटी फळ आलं. ते भारावून गेले. उद्धव वलगावला पोहोचेपर्यंत वाटेत जो भेटेल त्याला सांगत गेला, की वाठोडकर वकील आता तडजोड पिस्तूल लावून करतात.

एकविसाव्या माळेला पितळी खटक्यानं मान टाकली. मोरोपंतांनी वहीत तारीख आणि आकडा लिहिला आणि बिडाची जोडी चढवली.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या पार्वताबाई दिवेलागणीला विरजण मागायला आल्या. फाटकातूनच त्यांना ओसरीवरचा देखावा दिसला. मोरोपंत भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेले, हातात माळ, ओठ हलताहेत. आणि समोर गोदावरीबाई, हातात पिस्तूल. पिस्तूल तुळशीकडे होतं, पण फाटकातून ते कळण्यासारखं नव्हतं. पार्वताबाईंना दिसलं ते एवढंच, की नवरा शेवटचं नामस्मरण करतो आहे आणि बायको ते संपायची वाट पाहते आहे. त्या विरजणासाठी आणलेली रिकामी वाटी फाटकावर ठेवून माघारी गेल्या.

पार्वताबाई वाईट मनाच्या नव्हत्या. त्यांनी रात्री गल्लीतल्या चार घरीच फक्त सांगितलं, आणि सकाळी एक पोस्टकार्ड हिवरखेडला टाकलं. हिवरखेडला गोदावरीबाईंची थोरली बहीण सत्यभामा राहायची. चौथ्या दिवशी सत्यभामाबाई एसटीतून उतरल्या त्या वळकटी घेऊनच. संसार सावरल्याशिवाय परत जायचं नाही असं ठरवून आल्या होत्या.

त्यांनी बहिणीला काही विचारलं नाही. मोरोपंतांना एकटं गाठलं आणि विचारलं, की तुम्हा दोघांत नेमकं झालं तरी काय?

मोरोपंतांना वाटलं, मेव्हणी वडिलांच्या पिस्तुलाची चौकशी करते आहे. ते समाधानानं म्हणाले, "काही नाही हो. आधी खटका एकाच बाजूनं होता. आता दोन्ही बाजूंनी आहे. आणि टिकेल असाच निवडतो आहोत."

सत्यभामाबाईंनी कपाळाला हात लावला. बावीस वर्षांच्या संसारात खटका दोन्ही बाजूंनी, आणि वर टिकाऊ. आपल्या बोलण्यानं हे मिटणार नाही, हे ओळखून त्यांनी कमलाकांतांना निरोप धाडला, की तुम्ही यांचे जुने मित्र, दोन शब्द सांगून पाहा.

कमलाकांतांच्या कानावर उद्धवची गोष्ट बार रूममधून आधीच आली होती. पार्वताबाईंची त्यांच्या बायकोकडून. आपल्या एका थट्टेनं मित्राचं डोकं फिरलं की काय, अशी टोचणी त्यांना लागली होती. ते शनिवारी संध्याकाळी आले, खुर्चीवर अवघडून बसले, आणि चहा हातात घेऊन म्हणाले, की संसार म्हटला की थोडं सोसावं लागतं.

मोरोपंतांना त्यातलं काही कळलं नाही. पण कमलाकांत घरी आला आहे ही संधी त्यांनी सोडली नाही. त्यांनी पिस्तूल आणलं, उघडून रिकामं असल्याचं दाखवलं, नळी अंगणाकडे केली आणि म्हणाले, आता बघ, डाव्या हातानं. बिडाच्या खटक्याची ती चव्वेचाळिसावी माळ होती. मोरोपंतांनी ऐट म्हणून जरा जोरात अंगठा मारला.

गयासुद्दीन मिस्त्री म्हणाले होते तसा बिडाला गुस्सा आला. खटका तडकला, त्याचा हरभऱ्याएवढा तुकडा उडाला आणि कमलाकांतांच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर बसला. काच फुटली. डोळा वाचला. चहा धोतरावर सांडला, आणि तो गरम होता म्हणून कमलाकांत ओरडले.

ती ओरड पार्वताबाईंनी ऐकली. सोमवारी कमलाकांत एका काचेला चिकटपट्टी लावून कोर्टात आले. त्यांनी विचारणाऱ्याला खरं तेच सांगितलं, की मोरोपंतांच्या पिस्तुलाचा तुकडा लागला. ऐकणारे तुकड्याशी थांबले नाहीत. दुपारपर्यंत कोर्टाच्या आवारात, चहाच्या टपरीपासून रेकॉर्ड रूमपर्यंत एकच बातमी होती, की वाठोडकरांनी सरकारी वकिलावर गोळी झाडली आणि ती चष्म्यानं अडवली. चष्म्याच्या दुकानदाराकडे दोन माणसं तसलीच काच मागायलाही गेली.

बुधवारी मोरोपंतांना मॅजिस्ट्रेटसाहेबांची नोटीस आली. पिस्तुलाचा बेजबाबदार वापर होत असल्याबद्दल तक्रारी आहेत, तरी लायसन रद्द करून हत्यार सरकारजमा का करू नये, याचं कारण दहा दिवसांत हजर राहून दाखवावं.

मोरोपंतांनी नोटीस उभ्यानंच वाचली आणि मोठ्यानं हसले. वीस वर्षं दुसऱ्यांच्या नोटिसांना उत्तरं दिली, आता स्वतःच्या नोटिसीला असं उत्तर देईन की सरकार माफी मागेल, वगैरे बरंच बोलले. बोलता बोलता वळले, तर गोदावरीबाई पिस्तूल मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"बाबांची एवढीच एक वस्तू आहे माझ्यापाशी," त्या म्हणाल्या. "नेतीन का ते?"

मोरोपंत बायकोशेजारी येऊन बसले. बार रूम, कमलाकांत, चोर, सगळं बाजूला राहिलं. त्यांनी पेचकस घेतला, पोलादाची जोडी चढवली, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, की परीक्षा पुरी करू. टिकाऊ खटका लावण्यासाठीच हे सगळं केलं, हे साहेबांना दाखवून देऊ. त्यासाठी आपल्याकडे पुरावा पाहिजे.

पुढचे नऊ दिवस त्या घरात दुसरं काम नव्हतं. मोरोपंतांनी दोन तारखा पुढे ढकलून घेतल्या. खरा प्रकार कळल्यावर सत्यभामाबाई आधी संतापल्या, मग पदर खोचून माळ ओढायला बसल्या. कमलाकांत नवा चष्मा लावून रोज यायचे आणि वहीत आकडे लिहायचे. आपण सरकारी वकील असून लिहिलं तर वहीला वजन येईल, असं ते म्हणायचे. बोलायचे कमी, पण चहाला थांबायचे. अंगठ्यांना फोड आले, त्यांवर गोदावरीबाईंनी हळद-तेल लावलं. पोलाद वाकलं नाही, तुटलं नाही. मोरोपंत रोज कांडीला एक थेंब तेल द्यायचे आणि भोकात सुई घालून ते मोठं झालं का पाहायचे. झालं नव्हतं.

सुनावणीच्या दिवशी मॅजिस्ट्रेटसाहेबांचं दालन खचाखच भरलं होतं. वलगावहून उद्धव आला होता, मागच्या बाकावर, दारापाशी. गल्लीतून पार्वताबाई आल्या होत्या. मोरोपंत डगला घालून उभे राहिले, आणि शेजारी गोदावरीबाई इरकली लुगडं नेसून.

मोरोपंतांनी पाऊण तास भाषण केलं. डावखुऱ्या नागरिकावर होणारा अन्याय, शाळेतल्या पट्ट्या, घरातल्या स्त्रीचा स्वसंरक्षणाचा हक्क, पितळ, बीड आणि पोलाद यांचे स्वभाव, सगळं आलं. वाकलेला खटका पुरावा क्रमांक एक म्हणून दाखल झाला, तुटलेला क्रमांक दोन, फुटकी काच क्रमांक तीन. कमलाकांतांनी स्वतः उभं राहून सांगितलं, की आपल्यावर गोळी झाडलेली नाही, आपल्यावर फक्त चहा सांडला. मग गोदावरीबाईंनी उजव्या अंगठ्यानं आणि मोरोपंतांनी डाव्या अंगठ्यानं खटका चालवून दाखवला. शेवटचे वीस आकडे त्यांनी मुद्दाम राखून ठेवले होते. दालनात खट-खट आवाज घुमला, आणि विसावा झाला तेव्हा कमलाकांतांनी वहीत दहा हजार चव्वेचाळीस लिहून खाली रेघ मारली. मागच्या बाकावरून कोणीतरी टाळ्याही वाजवल्या.

साहेब वयानं मोरोपंतांपेक्षा लहान, पण फार सावकाश बोलणारे होते. त्यांनी पिस्तूल हातात घेतलं, खटका दोन्हीकडून चालवून पाहिला, मान डोलावली, आणि लायसन मागितलं.

लायसन मोरोपंतांनी ऑफिसच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत लावलं होतं, ते चौकटीसकटच आणलं होतं. साहेबांनी पुढची बाजू वाचली. मग मागची बाजू पाहायची आहे म्हणाले. शिपायानं चौकटीचे चार खिळे उपटले, पुठ्ठा काढला, कागद बाहेर काढून उलटा करून दिला. साहेबांनी तो वाचला. पुन्हा एकदा वाचला.

"वाठोडकर, याची काडतुसं कुठं ठेवता?"

मोरोपंत म्हणाले, की काडतुसं अजून आणलेली नाहीत. खटका एकदा ठरला की जाऊन आणायची, असा बेत आहे.

"तुम्ही अर्ज काय म्हणून केला होता?"

अर्ज त्यांनी स्वतःच लिहिला होता, आणि त्यात बाजू भक्कम व्हावी म्हणून सासऱ्यांच्या स्मृतीवर एक हृदयद्रावक परिच्छेद घातला होता. तो त्यांना तोंडपाठ होता. त्यांनी म्हणून दाखवला. सदर पिस्तूल ही अर्जदाराच्या पत्नीस पित्याची एकमेव आठवण असल्याने ती जतन करण्यापुरती परवानगी मिळावी.

"तशीच परवानगी दिलेली आहे," साहेब म्हणाले. "आठवण म्हणून फक्त जवळ ठेवायची. काडतुसांच्या रकान्यात निरंक लिहिलेलं आहे. तुम्हाला एकही काडतूस विकत घेता येत नाही, ठेवता येत नाही, उडवता येत नाही."

मोरोपंतांचं डावं बोट वर गेलं, थोडा वेळ हवेत राहिलं, आणि काही मुद्दा न सापडल्यामुळे खाली आलं.

साहेबांनी नोटीस रद्द केली. जे उडूच शकत नाही त्याच्या बेजबाबदार वापराबद्दल सरकारला चिंता करण्याचं कारण दिसत नाही, असं लिहिलं. लायसन कायम ठेवलं. पिस्तूल गोदावरीबाईंच्या हातात परत देताना ते म्हणाले, "तुमच्या मिस्त्रींचं काम उत्तम आहे. पण या पिस्तुलाला सगळ्यांत टिकाऊ खटका सरकारनंच लावून ठेवला होता. दोन्ही हातांना सारखाच चालतो."

आधी कमलाकांत हसले, मग सगळं दालन. मोरोपंतांनी हसायचं की नाही याचा क्षणभर विचार केला आणि शेजारी पाहिलं. गोदावरीबाई पिस्तूल पदरात गुंडाळून छातीशी धरून उभ्या होत्या आणि डोळे पुसत हसत होत्या. तेव्हा मोरोपंतही हसले.

घरी जाताना दोघं टांग्यात बसले. सत्यभामाबाई कमलाकांतांच्या घरी जेवायला गेल्या होत्या. कॅम्पातून राजापेठेपर्यंत मोरोपंत लायसनची उसवलेली चौकट मांडीवर घेऊन बसले होते. उद्या बार रूममध्ये पाऊल कसं टाकायचं, याचा ते विचार करत असावेत. मग त्यांना थोडी उभारी आली. बसल्या जागी ते सरळ झाले.

"तरी चोराला काय माहीत?" ते म्हणाले. "त्यानं थोडंच आपलं लायसन वाचलेलं असणार?"

गोदावरीबाईंनी फोड आलेल्या अंगठ्यावर फुंकर घातली.

"तुमी तरी कुठं वाचलं होतं?" त्या म्हणाल्या.